त्याच कुलपाची चावी

माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागूनच चावीवाल्या काकांची टपरी. कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिलेली चावी लागत नाही म्हणून गिऱ्हाईक कुरकुरत यायचं. काकांचं उत्तर ठरलेलं असे. कुलूप आणि रोजची चावी एकमेकांना घासत घासत बदलतात, त्यांचं संगनमत होतं. कपाटातली चावी होती तशीच राहते आणि परकी होते. यात कुणाचा डाव नसतो, नुसती झीज असते. मला ते प्रवचन पाठ झालं होतं.

काकांच्या स्वतःच्या दाराचं कुलूप मात्र बघवत नव्हतं. चावी जरा उचलून, हलवून, दार खांद्याने रेटलं की मग कुठे उघडायचं. फारच अडलं की काका चावीवर कानस फिरवायचे, कुलपाला हात लावायचे नाहीत. चावीवाल्याच्या घराला हे शोभतं का, म्हणून मी चिडायचो. ते म्हणायचे, याची चावी मुलाकडे आहे. मुलगा भांडून गेला त्याला वर्षं लोटली होती. मधे काकू गेल्या, तेव्हाही तो आला नाही. काका त्या दोन खोल्यांत एकटेच राहिले, आणि कुलूप तेच राहिलं.

गेल्या महिन्यात तो आला, भर दुपारी, काका टपरीवर असताना. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी पाहिलं. त्याने चावी घालून फिरवली, पुन्हा फिरवली, थोडा वेळ दाराकडे बघत उभा राहिला आणि जिना उतरून गेला. त्यांचा निरोप टपरीवर पोचेपर्यंत तो गावाबाहेर पडला होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मला काकांचा संताप आला, आणि त्यांचं तोंड पाहून रडूही आलं.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. काकांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर.

"बाबा, कुलूप बदललंत. समजायचं ते समजलो मी."

काका तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. काकूंना त्यांच्या अर्ध्या शब्दात सगळं कळायचं, म्हणून संसारभर घरच्यांशी ते अर्धाच शब्द बोलत आले होते. पलीकडून दोनदा "काय?" असं आलं आणि फोन बंद झाला. मी उलट लावत राहिलो, त्याने उचलला नाही.

काका बंद फोनकडे बघत म्हणाले, "कुलूप तेच आहे रे. मी नाही बदललं. ते आपलं आपण बदलत गेलं."

स्वतःबद्दल इतकं स्पष्ट बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं.