उजव्या कानाची साक्ष

माझा उजवा कान गेला तो सकाळी, चहा गाळता गाळता. गेला म्हणजे ठार बंद, आत नुसती पिठाची गिरणी चालू. सासूबाई म्हणाल्या, मळ असंल, अन् लसणाचं कोमट तेल ओतलं. मीही वाट बघत बसले. कान बसतो तसा सुटतो, असं आमच्या नागापुरात सगळेच म्हणतात. पण तोल जायला लागला तेव्हा मात्र आमच्या ह्यांनी मला गाडीवर घातलं आणि शहरातल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं.

बाईंनी एक घुमणारा चिमटा माझ्या कपाळावर टेकवला. आवाज सगळा डावीकडं पळाला. मग बंद खोलीत बसवून मशीनवर तपासलं. मळबिळ काही नाही, आतली नस आहे, हे दुखणं अंगावर काढायचं नसतं, पहिल्या पंधरवड्यात औषध गेलं तर आशा जास्त, असं त्या म्हणाल्या. काहींचं ऐकू येणं पूर्ण परततं, काहींचं थोडं, काहींचं नाहीच. माझं काय होईल, तर ते सांगता येत नाही म्हणे. मग एवढं शिकलात कशाला, असं अगदी ओठांवर आलं होतं, पण गिळलं.

मला कानाची एवढी का पडली होती, तर मी आमच्या चर्चमध्ये गाते. हे एमआयडीसीत कामाला, रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवतात आणि भजनाची पहिली ओळ मी उचलते. मला दुसरं काही धड येत नाही.

स्टिरॉइडच्या गोळ्यांनी झोप उडाली, वखवखल्यासारखी भूक लागायची आणि मूळचा तिखट स्वभाव आणखी तिखट झाला. सारखी कानापाशी बोटं चोळून बघायची, मोबाईल उजवीकडं लावायची, ताटावर चमचा आपटायची. नंतर कानाच्या पडद्यातून आत इंजेक्शनं दिली. त्यानंतर अर्धा तास कुशीवर पडून राहायचं, बोलायचं नाही, आवंढाही गिळायचा नाही. मी अर्धा तास गप्प पडलेली बघून ह्यांनी बाईंना विचारलं, हे रोज देता येईल का. घरी आल्यावर त्यांना त्याचं उत्तर मिळालं.

मग एके दिवशी पातेल्यावरचं झाकण पडलं आणि ते मला उजवीकडून ऐकू आलं. मी ओट्याला धरून रडले. ह्यांनी लगेच पाळकसाहेबांना फोन लावला. आमच्यात बरं झालेल्या माणसानं उपासनेत उभं राहून साक्ष द्यायची असते. सगळ्यांनी माझ्या कानासाठी प्रार्थना केलेली, म्हणून येत्या रविवारी माझी साक्ष ठरली.

सरावाला बसलो आणि मी ह्यांच्यावर खेकसले, पेटी बिघडलीय. त्यांनी बिचाऱ्यांनी पेटी उघडली, एकेक सूर पुसला, परत लावली. तरी तेच. शेवटी मी उजवा कान दाबला तर पेटी सुरात. डावा दाबला तर तोच सूर खाली उतरलेला, फाटका. बाईंना फोन केला. नस जागी होताना असं होतं, लक्षण चांगलं आहे, पण पहिल्यासारखं होईलच असं नाही, म्हणाल्या. साक्ष पुढं ढकलू का, असं ह्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. देवाचाच राग आला होता मला.

रविवारी पाळकसाहेबांनी मला उभं केलं. सगळे हसऱ्या तोंडानं बघत होते. हे मान खाली घालून बसलेले.

मी म्हटलं, "कान आलाय. सूर आला नाही. प्रार्थना थांबवू नका."

आमेन म्हणायचं सोडून सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात ह्यांनी भाता ओढला आणि माझा सूर धरून ठेवला. ज्या कानासाठी इतकी रडले होते, तोच कान मी बोटानं गच्च दाबला आणि पहिली ओळ उचलली.