तेवीस छत्र्या आणि दोन सह्या

नाही, ते आधी खोड. ‘शूर’ असं कुठे म्हटलं मी? शूरबीर काही नव्हती तुझी धाकटी आजी. घरातला बल्ब गेला तर स्टुलावर चढायची नाही. खालून स्टूल धरून उभी राहायची आणि चढणाऱ्यालाच घाबरवून सोडायची. हां, तेच लिही. मी बोलते ते उतरवून घे, मध्ये आपलं शहाणपण घालू नकोस.

तर ती माझी धाकटी बहीण. आमच्या वडिलांची लाँड्री होती. चादरीची घडी दोघांनी घालायची असते, एक या टोकाला, एक त्या टोकाला. मी माझ्या टोकाला उभ्या उभ्या पेंगायचे आणि ही माझ्यावर खेकसायची, ‘ताण धर ना गं.’ सात वर्षांची होती तेव्हापासून हिच्या हातची चादर म्हणजे कोरी वही मिटून ठेवल्यासारखी. गिऱ्हाइकं तिला घडीच म्हणायला लागली, मग घरचेही. खरं नाव शाळेच्या दाखल्यावरच राहिलं.

एकोणिसाव्या वर्षी घडी लष्करात गेली. तिथेही तिचे हात कुणीतरी हेरले आणि तिला टाकलं छत्र्यांच्या हॉलमध्ये. विमानातून उडी मारणारे जवान पाठीला पॅराशूट बांधतात ना, त्याला तिथे सगळे छत्रीच म्हणायचे. ती छत्री कुणीतरी घडी घालून पिशवीत भरावी लागते. गुळगुळीत लांबच लांब टेबलं, वर पंखासुद्धा नाही, कारण कापड हललेलं चालत नाही. एकाने शेवटाला दोऱ्या ताणून धरायच्या, दुसऱ्याने पट्ट्यावर पट्टा घालत यायचं, वर वाळूच्या छोट्या पिशव्या ठेवायच्या. मग पिशवी बंद करायची आणि कप्प्यात चिठ्ठी सरकवायची. चिठ्ठीवर वर घडी घालणाऱ्याची सही, खाली ताण धरणाऱ्याची.

हिचा ताण धरायला होता मिशी. तिच्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठा, मिशी अशी की दोन्ही टोकांना कपडे वाळत घालावेत. बारा वर्षं दोघं एकाच टेबलावर. ती त्याला दादा म्हणायची. त्याच्या मुलीच्या लग्नात हिने तीन दिवस राबून सगळं पाहिलं होतं.

आणि घरी होती चष्मेवाली. चौकातल्या चष्म्याच्या दुकानात काचा घासायची ती. एवढीशी, फटकळ, पण मनाने फार चांगली. अकरा वर्षं दोघी एका घरात, एका संसारात. कुणी विचारलं तर घडी सांगायची, मैत्रीण आहे, भाडं वाटून घेतो. काय करणार? बाईचं बाईवर प्रेम आहे असं कळलं तर त्या काळी लष्करातून काढून टाकत. तिच्या डोळ्यांदेखत एका नर्सला दोन दिवसांत सामान बांधायला लावलं होतं. मला माहीत होतं. मी काही बोलत नव्हते, पण बल्ब कोण बदलतं ते मला दिसत होतं.

मग तो नियम रद्द झाला. वर्षभर घडीचा विश्वासच बसेना. लष्करात दरवर्षी एक फॉर्म भरायचा असतो, बरंवाईट काही झालं तर कुणाला कळवायचं त्याचा. तिथे कायम माझं नाव. त्या वर्षी तिने माझं खोडलं आणि चष्मेवालीचं लिहिलं. नात्याच्या रकान्यात कारकून म्हणाला, मैत्रीण लिहा. हिने लिहिलं, ‘घरची’.

मला राग आला, खोटं कशाला बोलू? सख्खी बहीण मी, आणि माझ्या नावावर काट. महिनाभर फोन केला नाही मी.

कारकुनाच्या तोंडून ते हॉलभर झालं. दुसऱ्या सोमवारी मिशी टेबलावर आला नाही. साहेबांना सांगून त्याने दुसरं टेबल मागून घेतलं. हिच्याकडे बघायचाही नाही. त्याच्या जागी ताण धरायला दुसरं कुणी येईना, हिचं टेबल बंदच पडलं. तिथून गोष्ट जवानांपर्यंत गेली. छत्र्या मांडणीवर लावलेल्या असत, ज्याने त्याने उचलायची. ही पोरं चिठ्ठी वाचून वरची सही हिची दिसली की पिशवी परत ठेवू लागली. अशा तेवीस छत्र्या मांडणीवर तशाच राहिल्या.

मोठ्या साहेबांनी हिला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. म्हणाले, नियमाने तुला कुणी हात लावू शकत नाही, पण पोरांचा भरवसा उडाला तर मी काय करू? तू आपली ब्लँकेटच्या गोदामात जा. तिथेही घड्याच घालायच्या आहेत.

घडी म्हणाली, “ब्लँकेट उघडलं नाही तर कुणी मरत नाही, साहेब. मला माझं टेबल पाहिजे.”

मग तिने त्यांना जुना नियम दाखवला. छत्री भरणाऱ्याला स्वतःच्याच हातची छत्री घेऊन कधीही उडी मारायला सांगता येतं. पूर्वी सांगायचे, मग ते कागदावरच राहिलं. म्हणाली, त्या तेवीस आहेत, त्यातली कुठलीही द्या. पण निवडायची मिशीने.

अगं, एक्केचाळीस वर्षांची बाई. स्टुलाला घाबरणारी. तीन आठवडे वीस-वीस वर्षांच्या पोरांबरोबर फळीवरून वाळूत उड्या मारत होती. घरी येऊन कण्हायची आणि चष्मेवाली पाय चोळून द्यायची, तोंडाने शिव्या घालत. पण ‘नको जाऊस’ असं काही म्हणाली नाही.

तो दिवस आला. सगळा हॉल मांडणीपाशी जमलेला. मिशीने एक पिशवी काढली आणि चिठ्ठी वाचली. मग दुसरी काढली, तिसरी काढली. त्याचे कानच लाल झाले. कारण तेवीसच्या तेवीस चिठ्ठ्यांवर वर घडीची सही आणि खाली त्याचीच. पोरांनी वरचं नाव बघून पिशवी टाकली होती, खालचं कुणी वाचलंच नव्हतं. त्याच्याही ध्यानात आलं नव्हतं, कारण भरून झालेल्या छत्रीकडे तो कधी फिरकायचाच नाही. बारा वर्षांच्या त्याच्याच हातांवर पोरांनी काट मारली होती, आणि सुरुवात याने स्वतः केली होती.

घडीला हे आधी ठाऊक होतं का, असं मी किती वेळा विचारलंय. नुसती हसते.

मिशीने दोन पिशव्या उचलल्या. एक तिच्या हातात दिली, दुसरी स्वतःच्या खांद्याला लावली. साहेब म्हणाले, तुम्ही कशाला? तो म्हणाला, “नियम सही करणाऱ्याला आहे ना? मग दोन सह्या आहेत.”

त्याने जवानांबरोबर पूर्वी उड्या मारल्या होत्या म्हणून जाऊ दिलं, नाहीतर कसलं.

मी गेले होते. राग गेला खड्ड्यात, बहीण विमानातून उडी मारणार म्हटल्यावर घरी बसवतं का? पण फाटकावरच्या शिपायाने कागद बघितला आणि म्हणाला, फॉर्मवरच्यालाच आत सोडायचंय, आणि त्यावर एकच नाव आहे. चष्मेवालीला म्हणाला, बाई, या आत. आणि मी बाहेर. अकरा वर्षं जी कुणाची कुणी नव्हती, तिला सलाम ठोकून आत घेतलं बघ त्याने. मला हसावं की रडावं कळेना.

आत तिच्यासाठी खुर्ची मांडली होती, मांडवाखाली. ती बसली नाही. तारेच्या कुंपणाने चालत चालत माझ्यासमोर येऊन उभी राहिली, तारेतून माझी बोटं धरली आणि दुसऱ्या हाताने चष्मा काढून टाकला. जन्मभर लोकांना दिसावं म्हणून काचा घासल्या, आणि स्वतःला बघवेना. म्हणाली, “मोठी, तू बघ आणि मला सांग.”

वर विमानात मिशी घडीशेजारी बसला होता. पाच आठवड्यांत तिच्याशी पहिल्यांदा बोलला, “ताण नीट धरला होता ना मी?”

“एकदा सैल सोडलास, शिंक आली तेव्हा,” ही म्हणाली. “ती मी मोडून परत घातली, दादा.”

दार उघडलं. खाली बघितलंच नाही म्हणते, उंबऱ्यावरून पाय टाकावा तसा टाकला. मग कानात वारा, आणि एकदम खांद्यांना हिसका. वर बघते तर तिची घडी उलगडत होती. पट्ट्यावरून पट्टा सुटत, जशी घातली तशीच, एक सुरकुती नाही. आयुष्यभर घड्या घातल्या, पण आपली छत्री अशी हवेत उलगडताना कधी पाहिली नव्हती. लाँड्रीत कुणी घडी विस्कटली तर चिडायची. त्या दिवशी डोळे भरून बघत राहिली, आणि भीती वरच कुठेतरी राहून गेली.

“उघडली का?” खाली चष्मेवाली विचारत होती.

“उघडली. दोन्ही उघडल्या.”

“तिची कुठली?”

“जी सरळ येतेय ती.”

मिशी चिखलात पडला, मिशीसकट. घडी कापलेल्या गवतावर उतरली, उभी राहिली आणि आधी काय केलं माहितीये? छत्री गोळा करून घडी घालायला लागली. चष्मेवाली धावत गेली, चष्मा हातातच, दोनदा अडखळली, आणि दुसरं टोक धरलं. सगळ्यांच्या देखत. त्या पोरांपैकी कुणीतरी टाळी वाजवली, आणि मग काही थांबेना. मी बाहेरून तारा हलवत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मांडणीवरच्या उरलेल्या एकवीस छत्र्या गेल्या. एक पोरगा उशिरा आला आणि कुरकुरायला लागला, घडीबाईंची एकही शिल्लक नाही का म्हणून. मिशीने त्याला सुनावलं, “आमची दोघांची म्हण. आणि रांगेत थांब.”

माफीबिफी त्याने मागितली नाही. आपल्या जुन्या टेबलापाशी आला, दोऱ्या हातात घेतल्या, ताणल्या आणि म्हणाला, चल, उशीर होतोय. पुढे घडी त्या हॉलची मुख्य झाली. निवृत्तीच्या दिवशी पहिल्या रांगेत चष्मेवाली बसली होती, यादीत ‘घरच्या’ असं छापलेलं. मी तिच्या शेजारी, पाहुणी म्हणून.

झालं. आता खाली एवढं लिही. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी त्या चौकातल्या चष्म्याच्या दुकानात गेलंच, तर काचा घासणाऱ्या म्हातारीला माझा निरोप द्या. म्हणावं, पेन्शनच्या कागदांतही तसला फॉर्म असतो आणि त्यात नावाला दोन ओळी असतात, मी विचारून घेतलंय. घडीला सांगून दुसऱ्या ओळीत मोठीचं नाव घालून घे. पहिलीवर माझा दावा नाही.