हललेला फोटो

यशोधराला कामावर घेताना कल्याणने तिचं टायपिंग तपासलंच नाही. "जामखेडकडची माणसं ओळखता का ताई?" एवढंच विचारलं. ती हो म्हणाली आणि काम मिळालं. माहेर तिकडचंच. लग्न होऊन ती नगरजवळ नागापूरला आली, नवऱ्याचा कारखाना बंद पडल्यावर एका दुकानात लग्नपत्रिका टाईप करू लागली, आणि लोक मोबाईलवरच आमंत्रणं धाडायला लागले तसं तेही दुकान मिटलं. इतकी वर्षं परक्यांच्या लग्नातली नावं जुळवली, आता परक्यांच्या लग्नातले चेहरे ओळखायचे.

कल्याणचे वडील रंगनाथकाका यांचा स्टुडिओ आधी जामखेडला होता, नंतर नगरला आला. त्यांच्या जुन्या फिल्मचे पत्र्याचे डबे माळ्यावर पडून होते. कल्याणने ते सगळं स्कॅन करून घेतलं आणि फोटो लावून ठेवायचं एक सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर टाकलं. काकांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला मोठं प्रदर्शन भरवायचं, 'आपला मुलूख, आपली माणसं' असा फलक लावायचा, असा बेत होता. आपली म्हणजे कोणाची, हे काही फलकावर लिहिलेलं नव्हतं.

सॉफ्टवेअर हुशार होतं आणि बावळटही. स्कॅनिंग मार्चमध्ये झालं, म्हणून त्याने चाळीस वर्षांची लग्नं, बारशी आणि सत्कार त्याच एका मार्च महिन्यात कोंबून टाकले. मग यशोधरा मांडव बघून, मोटारी बघून, पोरांच्या पँटींचे घोळ बघून अंदाजाने वर्षं टाकायची. चेहऱ्यांच्या बाबतीत मात्र त्याला जनाची-मनाची काही नव्हती, आणि तेच तिला आवडायचं. नवरदेव असो की पंगत उठल्यावर उष्ट्या पत्रावळ्या गोळा करणारी बाई, ते प्रत्येकाचा चेहरा गोलात कापून विचारायचं, ही व्यक्ती कोण?

"मागचे-बिगचे सोडून द्या ताई," कल्याण म्हणायचा. "ते कोणाला हवेत?"

ती हो म्हणायची आणि सोडायची नाही. हलगी वाजवणारा भिमाजी, लाकडं फोडणारा बाबाजान, जेवढे आठवतील तेवढ्यांना तिने नावं दिली. पाव्हण्यारावळ्यांची नावं घालता घालता ती आपल्या माणसांचीही घालून घ्यायची. पण खरं सांगायचं तर हे सगळं ती एका चेहऱ्यासाठी करत होती. पहिल्याच दिवशी तिने 'गोजरबाई' नावाचा एक अल्बम करून ठेवला होता. गोजरबाई म्हणजे तिची आई, आणि आईचा फोटो जगात कुठेच नव्हता.

माहेरच्या घरात भिंतीवर तथागत होते, बाबासाहेब होते, वडिलांचा मोठा करून घेतलेला फोटो होता. आईची जागा मोकळी. भाऊसाहेब, म्हणजे यशोधराचा थोरला भाऊ, दर वर्षी आईच्या स्मृतिदिनी, पुण्यानुमोदनाला, त्या जागेवर नुसतंच फूल टेकवायचा.

आईचा फोटो एकदाच निघाला होता. गावातल्या बागाईतदाराच्या पोरीचं लग्न होतं आणि आई पत्रावळ्या उचलायला गेली होती. यशोधरा तेव्हा सात-आठ वर्षांची. जामखेडहून फोटोवाला आला होता. पंगत उठल्यावर आईने त्या दिवशी हिंमत केली. हात धुतले, पदर नीट केला, लेकीला पुढ्यात उभं केलं आणि म्हणाली, "भाऊ, आमचाबी एक काढा की." फोटोवाला हसला, कॅमेरा उचलला आणि लख्ख उजेड पडला. तो उजेड यशोधराच्या डोळ्यांत अजून होता.

त्यानंतर आई दर बाजाराला स्टुडिओच्या पायरीशी जाऊन उभी राहायची. आधी उत्तर मिळायचं, धुवायला टाकलाय. मग मिळालं, पुढच्या बाजारी ये. शेवटी एकदा फोटोवाला वैतागला आणि म्हणाला, "तू हललीस बाई. फोटो वाया गेला." आई घरी येऊन चुलीपुढे बसली आणि पोरांना म्हणाली, "म्या हलले गं. मलाच उभं ऱ्हाता आलं न्हाई." पुढे गावात मतदानाच्या ओळखपत्राचे फोटो काढायला माणसं आली तेव्हा ती शेतात निघून गेली. "म्या हलती," म्हणाली. "त्यांचा कशाला घोटाळा करायचा." आणि त्याच पावसाळ्यात ती वारली.

तो फोटोवाला रंगनाथकाकाच, हे यशोधराला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिने ते कोणाला सांगितलं नव्हतं. तिला भांडण नको होतं, हललेला फोटो हवा होता. नाकडोळे एकात एक मिसळलेले असले तरी चालणार होते. आईचा पदर दिसला असता तरी तिने तो फ्रेम करून भिंतीवर लावला असता.

आणि एका दुपारी ते लग्न सापडलं. नवरीच्या बाशिंगावरून नाही, बागाईतदाराच्या जीपवरून ओळखू आलं. तिने एकेक फोटो मोठा करून पाहिला. अक्षता, विहीण, पंगत, जीपच्या टपावर बसलेली पोरं. एका फोटोच्या कडेला पाठमोरी बाई वाकलेली होती, पण ती आईच, असं छातीवर हात ठेवून सांगता येईना. सॉफ्टवेअरनेही त्या पाठीला चेहरा मानलं नाही.

स्कॅन करणाऱ्याने वाया गेलेला म्हणून टाकून दिला असेल, असं वाटून तिने डबा उघडला आणि मूळ फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. फिल्मच्या काठावर प्रत्येक फोटोचा नंबर छापलेला असतो. पंगतीच्या फोटोला लागूनच जीपचा फोटो होता. मध्ये ना कोरा तुकडा, ना काळा, ना हललेला. सगळे नंबर भरलेले आणि सगळी माणसं त्यांचीच.

काका दुकानात पुढे पेपर वाचत बसले होते. ती फिल्म घेऊनच त्यांच्यापुढे गेली.

"काका, लग्नात गडीमाणसांनी फोटो काढा म्हटलं की काढायचात का हो?"

काका खुलले. जुन्या धंद्याचं कोणी विचारलं की ते असेच खुलायचे. "अगं, सगळ्यांचे काढत बसलो असतो तर घरचं लग्न राहिलं असतं! पण नाराज कशाला करायचं कोणाला? फ्लॅशला मागं वेगळं बटन असायचं. कॅमेरा डोळ्याला लावायचा आणि फक्त ते बटन दाबायचं. नुसता उजेड! माणूस खूश होऊन जायचा."

"आणि फोटो मागायला आलं तर?"

"सांगायचं, तू हललास." काका हसले. "लगेच पटायचं. गरिबाला आपलीच चूक पटकन पटते बघ."

यशोधरा त्यांच्याकडे बघत राहिली. एवढंसं बटन दाबून या माणसाने आईचं सगळं आयुष्य हलवून ठेवलं होतं, आणि त्याला तिचा चेहराही आठवत नव्हता. शिव्या तोंडाशी आल्या होत्या. महिन्याचा पगार आठवला, आणि आठवला म्हणून तिला स्वतःचाही राग आला. फिल्म डब्यात ठेवून ती जागेवर येऊन बसली.

संध्याकाळी कल्याण प्रदर्शनाची यादी जुळवत होता. "ताई, हा गोजरबाई नावाचा अल्बम रिकामाच दिसतोय. उडवू का?"

"नका उडवू सर." आवाज मोठा झाला तसं काकांनीही पेपर खाली केला. "त्यात माझ्या आईचा फोटो आहे. तुमच्या वडिलांनी काढलेला."

कल्याणला काहीच कळेना. त्याने वडिलांकडे पाहिलं, आणि काकांनी पेपर पुन्हा वर धरला.

ती पर्स उचलून बाहेर पडली. रिक्षाची वाट बघताना तिने गावी भाऊसाहेबाला फोन लावला.

"दादा, आई हलली नव्हती."

"काय म्हन्लीस?"

"आई हलली नव्हती रे दादा. दगडासारखी उभी होती. मी होते ना तिच्या पुढ्यात."

मग भाऊसाहेबाचा आवाज आला. लई दिवसांनी त्याच्या आवाजात हुरूप होता.

"मंग फोटू चांगला आला आसंल की गं. कवा आनतीस?"