पॉलिश केलेली कंबर

लाकडी कपाटांना पॉलिश करणाऱ्या दादांनी ज्याच्यावर संशय घेतला नाही, असा माणूस गल्लीत शोधून सापडायचा नाही. त्यांच्या कमरेवर तांबूस, कोरडे, खाजणारे चट्टे उठले, तेव्हा आधी आळ आला कपडे धुण्याच्या पावडरीवर, मग बायकोवर आणि शेवटी मुक्कामाला आलेल्या मेहुण्यावर. त्यानेच टॉवेल वापरून आपल्याला गजकर्ण दिला, अशी दादांनी खूणगाठ बांधली. दुकानातून मलम आणलं. लावलं की चट्टे फिके पडत, थांबवलं की पुन्हा हजर. अशी काही वर्षं गेली.

बायकोचा संशय वेगळाच होता. पॉलिशमध्ये बुडणारे हात स्वच्छ, आणि चट्टे मात्र ऊन न पोचणाऱ्या जागी. मेहुण्याच्या अंगावर तर साधी पुटकुळी नाही, मग हे गजकर्ण कसलं? तिने दादांना ओढतच त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंनी कातडीचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. उत्तर आलं, साधा इसब असावा. दादा लढाई जिंकल्यासारखे घरी आले. बाईंना मात्र ते पटलं नव्हतं. त्यांनी पुन्हा बोलावलं.

निघायच्या सकाळी दादा आरशाकडे पाठ करून मान वळवून कमरेला मलम चोळताना सापडले.

"हे काय चाललंय?"

"अगं, चार माणसांना दाखवायची वस्तू. जरा नीट करून न्यायला नको?"

"मागच्या वेळीही असंच केलं होतंत?"

दादांनी मलमाचं झाकण लावलं. डाग दिसणारी फळी त्यांनी गिऱ्हाइकापुढे जन्मात ठेवली नव्हती.

बायकोने दवाखान्यात सगळं सांगून टाकलं. बाई हसल्या नाहीत. मलमाने आतलं दुखणं दबतं, मग तुकड्यात ते धड दिसत नाही, म्हणाल्या. काही आठवडे मलम बंद. बाई आपल्यावर प्रयोग करताहेत, असं दादा खाजवत खाजवत सगळ्यांना सांगत सुटले. चट्टे टरारून वर आले. मग नवे तुकडे काढले.

या वेळी उत्तर निराळं होतं. रक्तातून कातडीत उतरलेल्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग, क्वचितच होणारा, वर्षानुवर्षं इसबाचं सोंग घेऊन बसणारा. रिपोर्टवरचं नाव आपलंच आहे ना, हे दादांनी बोट ठेवून पाहिलं.

"मी मरणार का?"

"तुमचा कातडीपुरताच आहे, आणि हळू चालणारा," बाई म्हणाल्या. "प्रकाशाचे उपचार घ्यायचे. तपासायला मात्र येत राहायचं."

उपचाराच्या पहिल्या दिवशी, आत माणूस उभा राहील अशा दिव्यांच्या पेटीसमोर दादा थबकले. बाहेरून कडी तर लावत नाहीत ना, असं त्यांनी सिस्टरला विचारलं. दार नुसतं लोटलेलं असतं, नको वाटलं तर बाहेर या, ती म्हणाली. दादांनी दार दोनदा ढकलून खात्री केली. मग आत शिरले आणि त्यांनी ते स्वतःच ओढून घेतलं.