दगडाची लोकर

मे महिन्यात आमच्या कारेलीबागेतल्या गच्चीखालच्या खोलीत छताला दगडी लोकर बसवायला एक कारागीर आला होता. खाज सुटू नये म्हणून आधी मनगटांना पावडर चोळायचा.

“कारखान्यात दगड वितळवून गरगर फिरवतात, ताई. म्हातारीच्या केसांसारखा धागा सुटतो. त्याचे थर छताला लावले, की उन्हाचा ताप आत येत नाही, आवाजही नाही.”

“तुमच्या घरी बसवलीत?”

तो हसला. “आमच्या कोयली गावातल्या घरावर नुसता पत्रा. दुपारी तापून कडकड वाजतो, तान्ही लेक दचकून उठते.”

उरलेले लोकरीचे तुकडे तो त्याच्या शेठसाठी गोळा करत होता. दुसऱ्यांची घरं गार करणाऱ्याच्या लेकीने का दचकावं?

“ते आमच्या पैशांचे आहेत. घरी न्या,” मी म्हणाले. त्याने ते गोणीत भरून नेले.

आता दुपारी गार खोलीत डोळे मिटले, की मी मनाने कोयलीच्या पत्र्याकडे कान लावते. काहीच ऐकू येत नाही; लेक झोपली असेल.