कार्डात राहिलेले धवले

आमच्याकडे लग्न म्हटलं की आधी धवलारीण लागते. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं वेगळं गाणं, त्याला धवला म्हणायचं, आणि हे सगळे धवले जिला तोंडपाठ ती धवलारीण. रेवदंड्यात आणि आसपासच्या गावांत ती माझी आत्या होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती माहेरी, आमच्याच घरी राहायची. एरवी ओट्यावर बसून सुकट निवडायची, लग्नसराई आली की आज या मांडवात, उद्या त्या मांडवात.

धवले तिला तिच्या आईकडून आले होते, ऐकून ऐकून. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा मी म्हटलं, "आत्ये, सगळे धवले एकदा माझ्या मोबाईलवर म्हण. मी साठवून ठेवते."

"का गो? मी मेलंय काय? लग्नान म्हणेन ना," ती म्हणाली. पण दुसऱ्याच दिवशी जेवणं झाल्यावर डोक्यावर पदर घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. मग दुपारची मागच्या खोलीचं दार लावायचं आणि तिने गायचं, असा क्रमच पडला. मध्येच एखादी ओळ चुकली की जीभ चावायची आणि म्हणायची, "पुसून टाक तो, परत म्हणते." फोन भरलेला होता, म्हणून सगळं मेमरी कार्डावर जात होतं.

लग्न जवळ आलेलं असताना आत्याला अर्धांगाचा झटका आला. अलिबागच्या दवाखान्यात जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि वाचा गेली. तिला समजत सगळं होतं. हो म्हणायचं तर डोळे मिटायची, नाही म्हणायचं तर डावा हात हलवायची.

घरी आणल्यावर आई म्हणाली, "निदान मोबाईलान तरी हाय. हलदीला तोच लाव."

मी फोन काढला. कार्डाची खूण दिसत नव्हती, फक्त एक सूचना होती: एसडी कार्ड खराब आहे, फॉरमॅट करा. फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणं, एवढं मला माहीत होतं. मी फोन बंद करून चालू केला. कार्ड काढून फडक्याने पुसलं, पुन्हा घातलं. बहिणीने त्याच्या सोनेरी पट्ट्यांवरून हलक्या हाताने खोडरबर फिरवलं. तिच्या फोनमध्ये घालून पाहिलं, तिथे तर कार्ड आहे हेच कळेना. आत्या खाटेवरून बघत होती.

बसस्टँडजवळच्या मोबाईलवाल्याने ते आपल्या कार्ड रीडरमध्ये घातलं आणि मान हलवली. "ताई, कधी दिसतंय, कधी गायब होतंय. फॉरमॅट मारून बघू?"

"मारू नका," मी जवळजवळ ओरडलेच.

रिक्षाने अलिबागला गेले. तिथे कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात एक गृहस्थ होते. त्यांनी नीट ऐकून घेतलं, कार्ड ठेवून घेतलं, म्हणाले, "आवाजाच्या फाइल निघतात कधी कधी. आशा मात्र फार धरू नका." मी धरली. घरी जाऊन आत्याला सांगितलंसुद्धा, की निघतील. तिने डोळे मिटले.

पुढच्या वेळी गेले तेव्हा त्यांनी मला खुर्ची दिली, त्यावरूनच मी समजले. बऱ्याच फाइल सापडल्या होत्या, पण उघडल्या की नुसती खरखर. एक तेवढी चालू झाली. त्यात आधी आत्याचा खोकला, मग माझा आवाज, "हं, आत्ये, म्हण आता." मग तिने घेतलेला श्वास. तिथे फाइल तुटली.

"पुढचं?"

"पुढचं नाही. कार्डातली चिपच गेलीय. मुंबईच्या माझ्या ओळखीच्या माणसालाही दाखवलं."

तेवढा तुकडा त्यांनी माझ्या फोनमध्ये घालून दिला. तो आत्याला ऐकवावा की नाही, हे मला ठरवता येत नव्हतं. शेवटी तिनेच फोनकडे बोट केलं. मी लावला. स्वतःचा खोकला ऐकून ती किंचित हसली. मग श्वास आला, आणि पुढे शांत झालं. ती वाट बघत राहिली. मी म्हटलं, "एवढंच निघालं गं." तिने डाव्या हाताने फोन बाजूला सारला आणि भिंतीकडे तोंड केलं.

डॉक्टर म्हणाले होते, बोलता न येणाऱ्या माणसाला कधी कधी गाता येतं, करून बघा. म्हणून मी तिच्याजवळ बसून हळदीच्या धवल्याची चाल गुणगुणले. आत्याने ओठ उघडले, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि नुसता एक सूर आला, घोगरा, शब्दाविना. दुसऱ्यांदा तिने प्रयत्न केला नाही.

मग मीच आठवेल तसं म्हणायला लागले. पहिली ओळ बरोबर आली, दुसरीला तिचा हात हलला. मी शब्द बदलला. हात हललाच. आणखी एक शब्द घातला, आईलाही विचारलं, आईने एक सुचवला. तरी नाही. बरोबर शब्द आत्याला माहीत होता, तिच्या डोळ्यांत तो दिसत होता, आणि तो बाहेर यायला वाट नव्हती. शेवटी तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा आई म्हणाली, "पुरे कर गो. किती छलशील तिला?"

बहिणीच्या लग्नाला चौलकडची एक धवलारीण आली. चांगली गायली. तिचे धवले वेगळे होते, चाल थोडीफार तीच. आत्याला आम्ही नवी साडी नेसवून मांडवात खुर्चीवर बसवलं होतं. मला वाटलं, हळद लागताना तरी ती बहिणीकडे बघेल. ती त्या बाईच्या तोंडाकडे बघत होती, सारखी, एकेका शब्दासरशी तिचा डावा हात मांडीवर हळूच हलत होता. नाही. नाही. नाही.

बायका म्हणाल्या, बघा, आत्या ताल धरतेय.