अंतरपाटापलीकडचं टक्कल

मामांना सख्खी भाची एकही नाही. तरी आजवर इतक्या भाच्या त्यांनी बोहल्यावर चढवल्यात, की भरल्या गोतावळ्यातल्या माणसालाही हेवा वाटावा. मूळचे ते ड्रायव्हर. दूरदेशाहून लग्न करायला येणाऱ्या जोडप्यांसाठी एका बाईंनी आपल्या घराचं पाहुणेघर केलंय. वर राहायच्या खोल्या, खाली लग्नाचा दिवाणखाना. या मालकीणबाईंची गाडी चालवायची, पाहुण्यांना विमानतळावरून आणायचं, फुलं आणायची, आणि पंखा रुसला तर त्याला दोन टपल्या मारून चालू करायचं, एवढंच त्यांचं काम.

ते मामा कसे झाले त्याचीही गंमतच आहे. पहिलंवहिलं जोडपं आलं, मंगलाष्टकं सुरू झाली, आणि गुरुजींनी सवयीने हाळी दिली की मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. आता मुलगी सातासमुद्रापलीकडून एकटी आलेली, मामा काय खिशातून काढायचा? गुरुजी हटून बसले. हे महाशय गाडीची किल्ली बोटात फिरवत दारात उभे होते. मालकीणबाईंनी मागून असा काही धक्का दिला, की ते थेट नवरीच्या खोलीपाशी जाऊन थांबले. त्या दिवसापासून त्यांचं खरं नाव फक्त लायसन्सवर उरलं.

बौद्ध पद्धतीचं लग्न असलं की पलीकडच्या गल्लीतले आचार्य येतात. त्या लग्नात अंतरपाटही नाही आणि मामाही नाही. पण आपले मामा काय गप्प बसणार? ते मेणबत्त्या मांडतात, पांढरी फुलं निवडतात, आणि दाराशी उभे राहून सगळ्यांबरोबर त्रिशरण म्हणतात. गुरुजी आणि आचार्य हे एकमेकांचे जानी दोस्त. तुमचं लग्न अर्ध्या तासात उरकतं म्हणून तुम्हाला चहा अर्धा कप, असं गुरुजी चिडवतात, आणि आचार्य त्यांच्या देखत पूर्ण कप मागून घेतात.

मामांची एक खोड मात्र सगळ्यांना माहीत होती. नवरीच्या खोलीत गेले की ते तिचा हात लगेच धरायचे नाहीत. आधी विचारायचे, “निघायचं का, बाळ?” आणि उत्तर येईपर्यंत उभे राहायचे. मुली हसायच्या, हो म्हणायच्या, एखादी तर चपला शोधत शोधतच हो म्हणायची. बाहेर गुरुजींचा घसा सुकायचा. मालकीणबाईंनी शंभरदा बजावलं होतं की हा नसता चोंबडेपणा आहे, लग्नाला एवढ्या लांब आलेली मुलगी काय नाही म्हणणार आहे? मामा मान डोलवायचे आणि पुढच्या लग्नात पुन्हा विचारायचे.

आणि एके दिवशी एक मुलगी नाही म्हणाली.

या मुलीच्या बाजूचं कुणीच आलं नव्हतं. वडील वारलेले, आई अंथरुणाला खिळलेली. नवऱ्या मुलाबरोबर मात्र त्याची आई आली होती. बाई हौशी, आवाज खणखणीत. होमापासून हारांपर्यंत सगळं त्यांनीच ठरवलं होतं. येताना गाडीत त्या एकट्याच बोलत होत्या आणि मुलगी खिडकीबाहेर बघत होती, हे मामांच्या आरशातून सुटलं नव्हतं.

“नाही, मामा,” ती म्हणाली. डोळ्यांतलं काजळ पार गालावर आलं होतं. “मला लग्न करायचंय, ह्याच्याशीच करायचंय. पण आमच्या घरी लग्न बुद्धापुढे लागतं, पांढऱ्या साडीत. अशी सजून उभी राहिले ना, तर मी बाबांना फसवल्यासारखं होईल.”

लग्न मोडलं तर मालकीणबाई त्यांना दारातही उभं करणार नव्हत्या, आणि या वयात नवी गाडी कोण देतो हातात? घरी थोरली बहीण होती, तिचाही भार त्यांच्यावरच. चल गं, आता एवढं झालंय तर उरकून घे, असं म्हणणं अगदी सोपं होतं. दुसऱ्या कुणी म्हटलंही असतं. पण विचारायचं आणि उत्तर ऐकायचं नाही, हे मामांना जमण्यातलं नव्हतं. “बस तू इथेच,” ते म्हणाले, आणि एकटेच बाहेर निघाले.

इथे एक घोटाळा झाला, आणि तो जगात दुसरीकडे कुठे होणं शक्य नाही. गुरुजींची एक ठरलेली खूण होती. अंतरपाट उंच धरलेला असायचा, त्यामागे आलेली नवरी काही दिसायची नाही. पण तिच्यामागे उभ्या मामांचं टक्कल कापडाच्या वर चकाकायचं. ते दिसलं की नवरी आली असं धरून गुरुजी शेवटचं मंगलाष्टक उचलायचे. त्या दिवशीही टक्कल दिसलं. मामा कुणाला काय सांगावं या विचारात नेमके नवरीच्या पाटापाशी थबकले होते. गुरुजींनी तार सप्तकात सावधान म्हटलं आणि सर्रकन अंतरपाट ओढला. स्वयंपाकघरातून आलेल्या आचाऱ्याने सनईची टेप लावली, बागेतल्या माळ्याने अक्षता उधळल्या. नवरीने आधी हार घालायचा असतो, पण नवरदेव उतावीळ, त्यातून अक्षतांमुळे डोळे मिटलेले. त्याने पुढे होऊन हार घातला तो मामांच्या गळ्यात.

मग जे हसणं उसळलं, ते काही विचारू नका. आचारी भिंतीला टेकला. मालकीणबाईंनी पदर तोंडाला लावला. खुद्द नवरदेवही हसत सुटला. मामा तेवढे हार गळ्यात घेऊन गंभीर उभे होते, आणि त्यांचा चेहरा बघत बघत एकेकाचं हसू ओसरलं.

“मुलगी नाही म्हणाली,” मामा म्हणाले. “म्हणून मी तिला आणलं नाही.”

सनई तेवढी वाजत राहिली. नवऱ्या मुलाच्या आईचा पारा असा चढला की विचारता सोय नाही. हा कोण लागून गेला विचारणारा, ड्रायव्हर तो ड्रायव्हर, भाडोत्री मामा, असं बरंच काही त्या बोलल्या. मालकीणबाईंनी दातओठ खात सांगितलं की आता किल्ली टेबलावर ठेवायची आणि घरी जायचं. मामांनी किल्ली काढली आणि मुकाट्याने टेबलावर ठेवली. पण घरी गेले नाहीत. नवरीच्या दाराशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले की आत फक्त नवरदेव जाईल.

नवरदेव आत गेला. बराच वेळ झाला. बाहेर चहा आला, तो कुणी घेईना, मग सगळ्यांनीच घेतला. अखेर दोघंही बाहेर आली. मुलगा आईला म्हणाला की मी गाढव आहे, हिच्या घरी लग्न बुद्धापुढे लागतं, मला इतकंही कळलं नाही. आईने सुनेला विचारलं, अगं, मग फोनवर का नाही बोललीस?

“तुम्ही इतक्या आनंदात होता,” मुलगी म्हणाली, “मला बोलवेचना.”

यावर रागवायचं तरी कसं? बाई खुर्चीत बसल्या आणि शेवटी म्हणाल्या की मग पांढरी साडी आणा कुणीतरी, माझ्या बॅगेत सगळ्या भडक आहेत. गुरुजींनी स्वतःच आचार्यांना फोन लावला. आज तुमचा चहा पूर्ण कप, लवकर या, म्हणाले. मालकीणबाईंनी किल्ली उचलून मामांच्या हातात कोंबली आणि साडीसाठी पिटाळलं. माफी वगैरे मागायची त्यांच्यात पद्धत नाही.

मामा साडीसकट बहिणीलाच घेऊन आले. ही ताई मामांचं घर बघते. लग्न होऊन गेली ती वर्षाच्या आत परत आली, पुन्हा गेली नाही. इतक्या वर्षांत मामांच्या या लग्नांना तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं. मला नाही आवडत गर्दी, म्हणायची. पण आज नवरीला साडी नेसवायला दुसरं कुणी नव्हतं. तिने निऱ्या अशा काही बसवल्या की मुलगी आरशासमोरून हलेना.

आचार्य येऊन बसले, मेणबत्त्या लागल्या. या लग्नात मामाचं काम नाही, पण मुलीनेच त्यांना बोलावलं. मामा दारात आले, आणि पुन्हा तसेच हात न धरता उभे राहिले.

“निघायचं का, बाळ?”

“हो, मामा. चला.”

लग्न छान लागलं. दोघांनी बुद्धापुढे फुलं वाहिली, त्रिशरण-पंचशील घेतलं, एकमेकांना द्यायची वचनं आपल्या तोंडाने मोठ्याने म्हटली. वचन देताना नवरदेव एकदा अडखळला, तर त्याच्या आईनेच मागून पुढचा शब्द पुरवला. गुरुजी पहिल्या रांगेत बसले होते आणि हे खरंच लवकर उरकतं म्हणून खूश होते.

जेवणाची पानं मांडली तेव्हा मामांच्या लक्षात आलं की ताई कुठे दिसत नाही. ती नवरीच्या खोलीतच होती, स्टुलावर, साडीच्या पिना मुठीत घट्ट धरून. रडलेली दिसत होती. मामा तिच्याशेजारी जमिनीवरच बसले.

“तू हे सगळ्यांनाच विचारतोस?” तिने विचारलं.

“सगळ्यांना.”

“मला नव्हतं रे कुणी विचारलं.”

“ठाऊक आहे ताई. मी दारातच उभा होतो. चौथीत होतो मी.”

ताईने डोळे पुसले. भावाच्या टकलावर अडकलेला अक्षतेचा दाणा तिने चिमटीने काढला.

“तू विचारलं असतंस ना,” ती म्हणाली, “तर मी तुलासुद्धा नाही म्हणून सांगितलं असतं.”